खुर्चीला जात नसते, मग आडनाव कशाला विचारता?



शाळेत नवा मुख्याध्यापक आला की आमच्या मालवणी मुलखात तीन प्रश्न विचारले जातात. खयचो? आडनाव काय? कोणाचो माणूस? शिकवतो कसा, इतकी वर्षे कोणता विषय शिकवला, जुन्या विद्यार्थ्यांना त्याच्याविषयी काय वाटते, हे प्रश्न चौथ्या-पाचव्या क्रमांकावरही येत नाहीत. आडनाव जाधव, कदम किंवा पवार निघाले, तर लगेच पोटप्रश्न येतो: ‘म्हणजे कोणते जाधव?’ या पोटप्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत गाव आपली प्रतिक्रिया राखून ठेवते. उत्तर मिळाले की प्रतिक्रिया आपोआप ठरते. अभिनंदनाचा फलक लागायचा की शिक्षणाधिकाऱ्यांकडे निनावी अर्ज जायचा, हे तेवढ्या एका उत्तरावर अवलंबून असते.

आम्ही वालावल आणि आसपासच्या गावांतले कार्यकर्ते हा लेख कोणत्याही एका शाळेवर किंवा एका संस्थेवर लिहीत नाही. ही प्रतिक्रिया एका शाळेची असती तर तिथल्या संस्थाचालकांशी भांडून विषय मिटला असता. ती सवय आहे. आणि सवयीशी भांडायचे तर आधी तिची मुळे उकरून पाहावी लागतात.

देवळातला मान आणि शाळेतली खुर्ची

वालावल म्हटले की बाहेरच्यांना लक्ष्मीनारायणाचे देऊळ, त्याच्या बाजूचा तलाव आणि कर्ली नदीचे पात्र आठवते. पर्यटक येतात, फोटो काढतात, जातात. फोटोत गावरहाटी येत नाही. दक्षिण कोकणातल्या गावांची जुनी घडी या गावरहाटीवर बसलेली आहे. पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ आधी कोणाचा, कौल कोणी लावायचा, वाद्य कोणी वाजवायचे आणि कोणी कुठवर यायचे, हे सगळे जन्माने ठरते. मानकरी परीक्षा देऊन होता येत नाही आणि नालायक ठरला म्हणून त्याचा मान काढूनही घेता येत नाही. आपल्या पूर्वजांनाही या रहाटीत जागा होती, पण ती वेशीवरची. काम त्यांचे, मान दुसऱ्याचा.

आता शाळेकडे पाहा. मुख्याध्यापकाची खुर्ची ही गावातल्या अशा मोजक्या जागांपैकी एक आहे, जिचा मान जन्माने मिळत नाही. पदवी लागते, बी.एड. किंवा डी.एड. लागते, अनुभवाची वर्षे लागतात, सेवाज्येष्ठता यादीत नाव वर यावे लागते. सरपंचपद आरक्षित झाले तर ‘पाच वर्षे काढू’ म्हणून गाव तोंड दाबून बसते. मुख्याध्यापक मात्र निवृत्तीपर्यंत खुर्चीवर असतो. रोज सकाळी प्रार्थनेला तो समोर उभा असतो आणि मानकऱ्याचा नातूही त्याला ‘नमस्ते सर’ म्हणतो. गावरहाटीला खुपते ते हे. रहाटीने ज्याला वेशीवर उभे केले, त्याला संविधानाने परिपाठाच्या मधोमध उभे केले.

आणि प्रश्न फक्त नमस्काराचा नाही. या खुर्चीत किती सत्ता आहे ते समजून घ्या. शाळेचे जनरल रजिस्टर तिच्या ताब्यात असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही तिची असते. धर्म बौद्ध, जात महार ही नोंद तिथे नीट झाली की नाही, यावर पुढे जातीचा दाखला आणि जात पडताळणी अवलंबून राहते. नोंद चुकली तर अठरा वर्षांचा पोरगा तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो. शिष्यवृत्तीचे प्रस्ताव शाळेने मुदतीत पाठवायचे असतात. ते पाठवले नाहीत तर मुलीचे पैसे बुडतात आणि तिला त्याचा पत्ताही लागत नाही. शिक्षकांचे गोपनीय अहवाल, रजा, सेवापुस्तक, बँकेच्या खात्यावरची सही, हे सगळे याच खुर्चीतून जाते. त्यामुळे ‘मुख्याध्यापक कोणीही असला तरी काय फरक पडतो?’ असे विचारणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो: फरक पडत नसेल तर तुम्ही एवढे अस्वस्थ का होता?

‘कोट्यातून आला’ हे खोटे

गावातली आवडती टीका म्हणजे ‘कोट्यातून आला, मेरिट कुठे आहे?’ ही टीका करणाऱ्यांनी नियम उघडूनही पाहिलेला नसतो.

खासगी अनुदानित शाळांना महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी अधिनियम 1977 आणि त्याखालची 1981 ची नियमावली लागू आहे. या नियमावलीतला नियम 3 सांगतो की, पात्रता पूर्ण करणारा आणि सेवेची नोंद समाधानकारक असलेला सर्वांत ज्येष्ठ शिक्षक मुख्याध्यापक म्हणून नेमायचा. आरक्षणाचे म्हणाल, तर एकच शाळा चालवणाऱ्या संस्थेत मुख्याध्यापकाचे पद एकच असते. आणि एकाकी पदाला आरक्षण लागू करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने चक्रधर पासवान खटल्यात 1988 मध्ये आणि पुढे चंडीगडच्या पीजीआय संस्थेच्या खटल्यात घटनापीठाने 1998 मध्ये सांगितले आहे. म्हणजे अशा शाळेत आपला माणूस मुख्याध्यापक झाला, तर तो त्या पदावर कोट्यातून नव्हे, सेवाज्येष्ठतेने आलेला असतो. ज्या रांगेत सगळे उभे होते, त्याच रांगेत तोही उभा होता आणि त्याचा नंबर आला. त्याला कोट्याचा म्हणणे हे अज्ञान नसेल तर निव्वळ खोटेपणा आहे.

उलट, या रांगेत आपला माणूस पुढे पोहोचणेच किती अवघड आहे ते बघा. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना नोकरभरतीत 13 टक्के आरक्षण आहे. पण अनेक संस्था बिंदुनामावली वर्षानुवर्षे अद्ययावत ठेवत नाहीत, मागासवर्गीयांची जागा ‘उमेदवार मिळाला नाही’ म्हणून रिकामी ठेवतात आणि अनुशेष अंगावर आला की मग घाईने भरतात. आपला शिक्षक असा उशिरा नोकरीत येतो, म्हणून यादीत खाली बसतो. त्याच्या वरची दोन-तीन माणसे निवृत्त होईपर्यंत त्याची स्वतःची 58 वर्षे भरत आलेली असतात. त्यातूनही नंबर आला, तर त्याच्यापुढे कागद सरकवला जातो: ‘सर, तब्येतीचे कारण देऊन हक्क सोडल्याचे लिहून द्या. उगाच त्रास कशाला?’

जिथे पदोन्नतीत आरक्षण होते, तिथली गतही सांगतो. 25 मे 2004 च्या शासन निर्णयाने दिलेले पदोन्नतीतले आरक्षण मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये रद्द ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असतानाच 7 मे 2021 च्या शासन निर्णयाने पदोन्नतीच्या आरक्षित जागाही सेवाज्येष्ठतेने भरायचे ठरले. तेव्हा आपल्या संघटना राज्यभर रस्त्यावर उतरल्या. त्या वेळी समोरून काय सांगितले गेले? ‘पदोन्नतीत जात नको, ज्येष्ठता पुरेशी आहे.’ ठीक. मग गावच्या शाळेत आपला शिक्षक निव्वळ ज्येष्ठतेने वर आला की त्याच तोंडांना ज्येष्ठता अपुरी का वाटते? तिथे एकदम ‘प्रशासन कौशल्य’, ‘गावाशी जुळवून घेणे’, ‘संस्थेचा विश्वास’ असे नवे विषय अभ्यासक्रमात कुठून येतात? आरक्षण असले तर मेरिट हवे, ज्येष्ठता असली तर विश्वास हवा. नियम बदलतो, निकाल तोच राहतो.

ही प्रतिक्रिया जुनी आहे

कोकणाला हे नवे नाही. गोपाळबाबा वलंगकरांची 1895 मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा बोर्डातल्या सवर्ण सदस्यांनी तिला विरोध केला. वलंगकर फौजेत राहून आलेले, लिहिते-वाचते, ‘विटाळ विध्वंसन’सारखी पुस्तिका लिहिणारे गृहस्थ. त्यांच्या पात्रतेत काय कमी होते? कमी काहीच नव्हते. शेजारची खुर्ची हाच आक्षेप होता.

त्याही आधी, 1848 मध्ये पुण्यात सावित्रीमाई मुलींना शिकवायला निघाल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल पडला. फेकणाऱ्यांपैकी कोणीही त्यांची शिकवण्याची पद्धत तपासली नव्हती.

आणि मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ? ते लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. हे वाक्य दोनदा वाचा. बाबासाहेबांचे वडील मुख्याध्यापक होते. आपल्या समाजाच्या माणसाने ही खुर्ची एकोणिसाव्या शतकात सांभाळलेली आहे. ज्या लष्करी शाळेत जात पाहिली जात नव्हती, तिथे रामजी मुख्याध्यापक झाले. आणि त्याच मुख्याध्यापकाचा मुलगा साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसला. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेला राहिला, कारण नळाला हात लावायची परवानगी नव्हती. बाप-लेकाच्या बुद्धीत फरक नव्हता. फरक शाळा चालवणाऱ्यांच्या नजरेत होता.

पुढे तोच मुलगा परदेशात शिकून आला आणि 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाला. तिथे काही सहकारी प्राध्यापकांनी कशावर हरकत घेतली? त्यांच्या अर्थशास्त्रावर नाही. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी पिण्यावर. पदवी कोलंबियाची असली तरी माठ गावचाच होता.

जून 1935 मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ अशी घोषणा केली. आपल्या तरुणांनी ही दोन घटनांची जोडी लक्षात ठेवावी. प्राचार्यपदाची खुर्ची मिळाली म्हणून त्यांनी तोंड बंद केले नाही. आणि चळवळ चालू होती म्हणून खुर्चीचे कामही खाली पडू दिले नाही. आज आपल्या मुख्याध्यापकाला ‘आता पद मिळाले ना, मग जयंतीच्या मिरवणुकीत कशाला?’ असे सुनावणाऱ्यांना आणि ते ऐकून घरी बसणाऱ्या मुख्याध्यापकांनाही, दोघांना हे उत्तर पुरेसे आहे.

नेमणूक करण्याची वेळ बाबासाहेबांवर आली तेव्हा

आता दुसरी बाजू पाहू. ज्यांना आयुष्यभर आडनावावरून अडवले गेले, त्यांच्या हातात नेमणुकीचा अधिकार आला तेव्हा त्यांनी काय केले?

8 जुलै 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. 20 जून 1946 ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य होते संस्कृतचे विद्वान प्रा. अ. बा. गजेंद्रगडकर. 1950 मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य प्रा. म. भि. चिटणीस. दोघेही आपल्या समाजातले नव्हते. बाबासाहेबांनी संस्थेला चांगला शिक्षक आणि चांगला प्रशासक हवा म्हणून माणूस निवडला. आपल्या समाजाने ‘आमच्या कॉलेजात हा का?’ म्हणून कुलूप लावले नाही, उलट पोरांना रांगेने पाठवले. चिटणीस सरांच्या हाताखाली शिकलेल्या पिढीने पुढे मराठवाड्यातली चळवळ आणि दलित साहित्य उभे केले.

मेरिटवरचे भाषण आम्हाला ऐकवणाऱ्या प्रत्येक संस्थाचालकाला आमचा साधा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी स्वतः उभारलेल्या संस्थेत ब्राह्मण प्राचार्य नेमला. तुमच्या संस्थेच्या इतिहासात किती बौद्ध, किती चर्मकार, किती आदिवासी मुख्याध्यापक झाले? कार्यालयाच्या भिंतीवर आजवरच्या मुख्याध्यापकांच्या नावांचा फलक असतो. तो फलक हेच तुमचे उत्तर. तो वाचून दाखवा, मग मेरिटवर बोलू.

‘मुले काढून घेऊ’ या धमकीचा अर्थ

विरोध आता उघड जातीच्या भाषेत होत नाही. लोक हुशार झाले आहेत. आता म्हणतात ‘गावाच्या भावना आहेत’, ‘नेमणुकीची प्रक्रिया नीट झाली नाही’, ‘आम्ही मुलांचे नाव दुसऱ्या शाळेत घालू’.

प्रक्रियेचे म्हणाल तर उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातली डिसेंबर 2021 ची घटना आठवा. सुखीढांगच्या शाळेत दलित भोजनमातेने शिजवलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले. प्रशासनाने काय केले? बहिष्कार घालणाऱ्यांना समज देण्याऐवजी ‘नेमणूक प्रक्रियेप्रमाणे नव्हती’ म्हणून तिलाच काढले. मग दलित मुलांनीही सवर्ण बाईच्या हातचे जेवण नाकारले, देशभर बोंब झाली आणि तिला परत घ्यावे लागले. जेवण असो की मुख्याध्यापकाची सही, प्रक्रियेतली खोट फक्त आपल्या नेमणुकीतच कशी सापडते?

‘मुले काढून घेऊ’ ही धमकी सिंधुदुर्गात अधिक धारदार आहे. आमच्याकडे शाळांचा पट आधीच घसरलेला आहे. गावातली तरुण कुटुंबे मुंबईला, गोव्याला जातात. पटावर शिक्षकांची पदे ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात तर पाचवीपर्यंतच्या वर्गांत 150 हून अधिक आणि सहावी ते आठवीत 100 हून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक धरला आहे. अशा ठिकाणी वीस-पंचवीस मुले एकदम उचलली की एखादे पद जाते, एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो. मग आपल्या माणसावर गाव दबाव आणतेच, पण नोकरी वाचवायला निघालेले सहकारी शिक्षकही आणतात. ‘सर, तुमच्यामुळे आमच्या पोटावर पाय येतो,’ असे त्याला सांगितले जाते. पाय गावाचा असतो, दोष त्याला लागतो.

आईबापाने आपले मूल कुठल्या शाळेत घालावे हा त्यांचा हक्क आहे, याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण एका माणसाच्या जातीमुळे बैठक घेऊन, घरोघर सांगून, दुकानदाराला आणि रिक्षावाल्याला बजावून जे केले जाते, त्याचे नाव वेगळे आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे आणि तशी धमकी देणे, दोन्ही गुन्हे ठरवले आहेत. ही दुरुस्ती 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. चारचौघांत जातीवरून अपमान करणे हा तर त्याच कायद्यात आधीपासून गुन्हा आहे. गावाच्या भावना असतील, पण भावनांना कायद्यातून सूट नाही.

आपल्या वस्तीतही दोन शब्द

आता आपल्या लोकांशीही बोलायला हवे. आपला माणूस मुख्याध्यापक झाला की विहारात सत्कार होतो. शाल, पुष्पगुच्छ, बाबासाहेबांची प्रतिमा, दहा भाषणे, पन्नास फोटो. पंधरा दिवसांनी त्याच्याविरुद्ध निनावी अर्ज जातात, चौकशी लागते, तेव्हा सत्काराला आलेल्यांपैकी तहसीलला किंवा ओरोसच्या कार्यालयात त्याच्यासोबत कोण जाते? फोटोतली गर्दी चौकशीच्या दिवशी कुठे असते? ज्या समाजाला फक्त सत्कार करता येतो आणि पाठीशी उभे राहता येत नाही, तो आपल्या माणसाला हार घालून एकटा सोडतो.

दुसरे, काही मंडळींना आपला मुख्याध्यापक म्हणजे घरचा माणूस वाटतो. पुतण्याला शिपाई लावा, वेळ टळली तरी दाखला द्या, हजेरी कमी असली तरी चालवून घ्या. त्याने नियम दाखवला की ‘साहेब झाला, समाज विसरला’. हे बंद करा. नियमाने चालणारा मुख्याध्यापक हीच आपली गरज आहे, कारण नियम मोडला जातो तेव्हा तो आधी आपल्यावरच मोडतो.

आणि तिसरे. आपला आहे म्हणून कामचुकार मुख्याध्यापकाची पाठराखण करायची नाही. वर्गावर न जाणारा, पोषण आहाराच्या तांदळात हात घालणारा कोणत्याही आडनावाचा असो, त्याला जाब विचारायचा. आमची मागणी सवलतीची नाही, एकाच मापाची आहे. ज्या मापाने इतरांना मोजता, त्याच मापाने आमच्या माणसाला मोजा.

आता काय करायचे

घोषणा पुरेशा झाल्या. प्रत्येक गावातल्या तरुणांनी ही कामे हातात घ्यावीत.

पहिले, आपल्या शाळेची सेवाज्येष्ठता यादी आणि बिंदुनामावली माहितीच्या अधिकारात मागा. मुख्याध्यापक निवृत्त व्हायच्या आधी मागा, नंतर नाही. पुढचा हक्कदार कोण हे गावाला आधीच माहीत असले की रातोरात खेळ करता येत नाही.

दुसरे, आपल्या शिक्षकाला सांगा, हक्क सोडल्याच्या कागदावर घाईने सही करायची नाही. आधी संघटनेशी, वकिलाशी बोलायचे.

तिसरे, शाळा व्यवस्थापन समितीत जा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. आपल्या आयाबायांना मजुरी बुडते म्हणून बैठकीला जाता येत नाही, तर वस्तीने त्या दिवसाची मजुरी वर्गणीतून द्यावी. मिरवणुकीच्या डीजेपेक्षा हा खर्च नक्कीच कमी आहे.

चौथे, निनावी अर्ज, धमकी, बहिष्कार यांची तारीखवार नोंद ठेवा. कोण बोलले, कुठे बोलले, कोण हजर होते. तक्रार पुराव्यावर उभी राहते, संतापावर नाही.

पाचवे, इतर समाजांतल्या ज्या पालकांना चांगली शाळा हवी आहे त्यांच्याशी बोला. कुणब्याच्या, भंडाऱ्याच्या, गाबिताच्या मुलालाही मुख्याध्यापक शिकवणारा हवा असतो, मानकरी नको असतो. त्यांना हे सांगणारे कोणी गेलेच नाही, म्हणून बैठकीत ते गप्प बसतात आणि त्यांच्या गप्प बसण्याला ‘गावाचे मत’ म्हटले जाते.

देवळातला मान ज्याचा त्याने जपावा. आम्ही 1956 मध्येच त्या रांगेतून बाहेर पडलो. पण शाळा देवस्थान नाही. ती सगळ्यांच्या करातून चालते आणि तिच्या खुर्चीवर बसण्याचा नियम सगळ्यांना एकच आहे. यापुढे कोणी विचारले, ‘नवीन हेडमास्तर कोणते जाधव?’ तर एकच उत्तर द्या: सेवाज्येष्ठता यादीतले पहिले जाधव.

जय भीम! जय संविधान!